मदत हवी: सागवानी माडीवर सबवूफरखाली स्पाइक लावू की रबर?

राजेहो, जरा डोकं लावा इथं. घर आमचं यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या खेड्यात, जुनं मातीच्या भिंतीचं अन् वर सागवानी तुळया-फळ्यांची माडी. त्या माडीवरच टीव्ही अन् साउंड मांडलं आहे, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि १० इंची सब (सबवूफर, फक्त खालचे जाड सूर वाजवणारी पेटी), वजन १५ किलोच्या आसपास, तोंड समोर, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या खालचा आवाज सबकडं जातो. माडीच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. पिक्चर लावला का मांडणीवरची ताटं-फुलपात्रं अशी खणखणतात की माय खालून झाडूच्या दांड्यानं फळी ठोकते.

गंमत म्हणजे भाव वाढायची वाट पाहत अर्ध्या माडीत कापूस भरून होता ना, तेव्हा बेस एकदम टाइट अन् खालची कटकटपण कमी होती. कापूस विकला अन् तेव्हापासून नुसतं घुमून रायलं.

आता यूट्यूबवर एक सांगतो स्पाइक (टोकदार धातूचे पाय) लावा, सब जमिनीला घट्ट धरला पाहिजे, दुसरा सांगतो फोम नाहीतर रबर टाकून जमिनीपासून तोडा, अन् दोघंही छातीठोक. शहाबादी फरशीचा तुकडा खाली ठेवून पाहिला, ताटांवर काहीच परिणाम नाही. गोठ्यात टाकतो ती रबरी मॅट उरली आहे, चांगली जाड, तीच कापून टाकू काय, का स्प्रिंगचे पाय मागवू? स्पाइकनं फळ्यांना भोकं पडली तर बुढा मलेच घराबाहेर काढीन ते वेगळंच.

उत्तर १
भाऊ, स्पाइकचा नाद सोडा. खाली काँक्रीटचा स्लॅब असता तर तो तसाही हलत नाही, तिथं स्पाइक काय अन् रबर काय, कानाला फारसा फरक नाही. स्पाइक कामाचे जाड गालिच्यावर, पेटी डुगडुगू नये म्हणून. तुमची माडी म्हणजे ढोलाचं कातडं आहे, तिला सब जितका घट्ट धराल तितकी ती वाजेल. फरशीनं फरक पडला नाही तो याच्यामुळेच, कडक वस्तूखाली कडक वस्तू.

उत्तर २
वरच्या दादांचं बरोबर, पण रबर टाकलं म्हणजे सुटलो असंही नाही. सब आणि त्याखालचं रबर मिळून त्यांची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी (हलायचा ठरलेला वेग) बनते, तिच्या साधारण १.४ पटीच्या वर कंपनं अडायला लागतात आणि तिच्या जवळपास तर उलट वाढतात. गोठ्याची मॅट म्हशीचं वजन झेलायला बनवलेली, अख्खा तुकडा टाकला तर १५ किलोनं ती दबणारच नाही, मग तिचा उपयोग काय? ती फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झला आणायची तर स्प्रिंग सबच्या वजनानं अडीच मिलिमीटर दबली पाहिजे, रबर असेल तर त्याहून जास्त, कारण हलताना रबर आणखी कडक वागतं. मॅटच वापरायची असेल तर चार कोपऱ्यांत लहान लहान तुकडे ठेवा, दबतात का ते डोळ्यानं बघा.

पण आधी एक पैसा खर्च न करता कळेल की आवाज फळ्यांतून जातो का हवेतून. घरची कापसाची जुनी गादी दुहेरी करा, सब तिच्यावर ठेवा, मोबाइलवरून ४० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि खाली कोणाला तरी मांडणीला हात लावून उभं करा. थरथर थांबली तर फळ्यांतून येत होती. नाही थांबली तर कितीही महागडे पाय घ्या, ताटं वाजणारच. सबच्या मागं बसवलेल्या अ‍ॅम्पची (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची) हवा गादीनं अडवू नका फक्त.

कापसाचं म्हणाल तर चार-पाच फूट जाड गंजी खालचे सूरसुद्धा खाते, आणि तेवढं वजन फळ्यांवर असल्यावर त्या नाचणार कशा. पुढच्या हंगामात उशिरा विका.

उत्तर ३
ताटांखाली गोणपाट टाका ना बाप्पा, एवढं फिजिक्स कायले.

धागाकर्ता
गोणपाटाचं मायले सांगायची हिंमत तुमी करा. गादीवर ठेवून पाहिलं, ताटं जवळपास गप्प, माय पण मानली. पण टोन वर नेत गेलो तर ४७ च्या आसपास खिडकीचं दार तसंच खडखडते अन् माझ्या खुर्चीत बेस एकदम फुगते. माडीची रुंदी १२ फूट, सब कोपऱ्यात आहे. हे काहून?

उत्तर २
हे खोलीचं आहे, फळ्यांचा संबंध नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज मागंपुढं आदळतो आणि रुंदीत अर्धी लहर बरोबर बसेल त्या सुराला जोर चढतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले रुंदीची दुप्पट, आलं ४७ हर्ट्झ. कोपऱ्यातून हा सूर सगळ्यात जोरात उठतो. सब रुंदीच्या बरोबर मध्यात आणा, ४७ बराच बसेल. खिडकीच्या कडीत कागदाची घडी खोचा. पाय म्हणून मऊ फोमचे पॅड पुरे, स्प्रिंगची घाई नको.

धागाकर्ता
मध्यात टीव्हीचा टेबल आहे, त्याच्याखाली सब बसते का ते मोजतो. गादी मात्र आज रात्रीच परत मागून रायले, त्यामुळे मॅटचे तुकडे कापायला घेतो आताच.