स्टेशनचा पूल नुसता ओलांडायलाही तिकीट कशाला?

दादरकर: आम्ही दादर पश्चिमेला राहतो, वडिलांची फिजिओथेरपी पूर्वेला हिंदू कॉलनीत. स्टेशनच्या पुलावरून गेलं तर म्हाताऱ्या चालीनेही पंधरा मिनिटं. पण पुलावर पाय ठेवायचा तर गाडीत बसायचं नसलं तरी 10 रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट हवं. तेही दोन तासांचं. थेरपी लांबली की परतीला दुसरं. नसेल तर किमान 250 रुपये दंड. टिळक पूल आहे म्हणा, पण दुखऱ्या गुडघ्यांना तो वळसा विचारा. 1853 साली गाडी सुरू झाली, रुळांनी वस्ती मधोमध चिरली. ज्याने चिरली त्याने वाट फुकट द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त टीसी: वडिलांचं पटतं. पण पुलावर उभं राहून बघा एकदा. ज्याच्याकडे तिकीट नाही तो प्रत्येक जण "फक्त ओलांडतोय" म्हणतो, खांद्याला डब्याची पिशवी असली तरी! लोकलला मेट्रोसारखी गेटं नाहीत. पूल हीच आमची चाळण, तीही काढून घेता?

परळची मुलगी: माझा विरोध पैशांसाठी नाही. 29 सप्टेंबर 2017. एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर लोक पावसामुळे अडकून थांबले होते, खालून गाड्या रिकाम्या होत होत्या आणि माणसं वर चढतच होती. 23 जीव गेले. तेव्हापासून मी गर्दीच्या वेळी जिन्याच्या कठड्याला धरूनच उतरते. त्या जिन्यांवर आणखी भाजीवाले, शाळकरी मुलं, पेशंट आणायचे? सप्टेंबर 2025 मध्ये तिथला रुळांवरचा वाहनांचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीकडून केईएम-टाटा हॉस्पिटलला जाणारेही स्टेशनच्या पुलांवर आले. संध्याकाळी सहाला येऊन बघा आणि मग फुकट करा म्हणा.

दादरकर: संध्याकाळी सहाचं मान्य. पण मग तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे की! ते पेशंट तिकीट असो-नसो, येतातच. दहा रुपयांनी गर्दी हटत नाही, जिना रुंद केल्याने हटते. उलट दंडाला घाबरून जो भिंतीच्या भगदाडातून रुळावर उतरतो, त्याचं काय?

कुर्ल्याचा पासवाला: दहाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढतंय कोण? लोकलचं कमीत कमी तिकीट 5 रुपये आहे, तेच घ्या 😄

निवृत्त टीसी: ते प्रवासाचं तिकीट आहे. प्रवास न करता पूल ओलांडायला वापरायचं, आणि वर सल्लाही द्यायचा. वा!

तोक्योतला पुणेकर: इथला अनुभव सांगतो. शिंजुकु स्टेशनातून पूर्वेकडून पश्चिमेला सरळ जायचं तर प्रवेश तिकीट लागायचं, नाहीतर बाहेरून वळसा. शेवटी त्यांनी तिकीटगेटंच आत सरकवली आणि आतला भुयारी रस्ता 25 मीटर रुंद करून जुलै 2020 पासून सगळ्यांना मोकळा केला. वाट फुकट, फलाटाला तिकीट. दादरलाही तपासणी पुलावरून काढून फलाटाच्या जिन्यांपाशी न्यायची, एवढंच.

परळची मुलगी: "एवढंच" म्हणे. 25 मीटर! आमच्याकडे तेवढ्यात आख्खा फलाट बसतो, फेरीवाल्यांसकट.

जिना नं. 3: आणि डागडुजी कोण करणार? 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा माणसं ढिगाऱ्याखाली असताना पूल पालिकेचा की रेल्वेचा यावर वाद सुरू होता. स्टेशनचा पूल सार्वजनिक वाट केलात की दोघेही हात वर करणार. मला वाटतं पालिकेने शेजारी वेगळा पूल बांधावा, काही स्टेशनांना आहेच तसा. उतरतो मात्र भलत्याच गल्लीत, म्हणून लोक स्टेशनचाच धरतात.

दादरकर: भलत्याच गल्लीत, हेच तर दुखणं! वेगळा पूल हवाच असेल तर तो मंडईच्या तोंडाशी उतरवा. तोवर निदान ज्येष्ठ नागरिकांना गर्दीची वेळ सोडून मोकळं ठेवा.

निवृत्त टीसी: हे जमण्यासारखं आहे, मी विरोध करणार नाही. पण जिन्यांपाशी तपासणी म्हणता, तर दादरला दोन्ही लाइनी मिळून फलाटांवर उतरणारे जिने किती, ते एकदा मोजून या. प्रत्येकावर माणूस लागेल.

दादरकर: मोजतो. उद्या वडिलांना घेऊन जायचंच आहे. तिकीट काढून जातो, तुम्ही तिथे असलात तर!