आई माळ्यावरचं काहीच देऊ देत नाही, काय करावं?

डिचोलीची लेक

आमचं डिचोलीचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. वासे किडलेत, त्यामुळे पावसाआधी छप्पर उतरवायचंच आहे आणि त्यासाठी माळा रिकामा हवा. बाबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. आई एरवी समजूतदार, पण माळ्यावरून काही खाली आलं की तिचा चेहराच उतरतो. तांब्याचं घंगाळ ठेवू म्हणते, ते समजतं. पण कान तुटलेला हांडा, काच फुटलेला कंदील, चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतो त्या माटोळीची जुनी लाकडी चौकट? आणि बाबांची पेटी. तिचा भाता फाटलाय, काही पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मी म्हटलं, नवी आणू. आई म्हणाली, "नव्या पेटीवर त्यांची बोटं कुठे फिरलीत?"

भाऊ म्हणतो, आई देवळात गेली की टेंपो बोलावू आणि सगळं भंगारात देऊ. चार दिवस रडेल, मग विसरेल. मला हे पटत नाही, पण त्याला काय सांगू तेही सुचत नाही. आईला हा काही आजार तर नाही ना?

फोंड्याची शिक्षिका

ताई, मी उच्च माध्यमिकला मानसशास्त्र शिकवते. आधी आजाराचं बोलते. वस्तू साठवत राहण्याचा विकार खरोखर असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या सूचीत २०१३ पासून त्याची वेगळी नोंद आहे. त्यात सामान इतकं साचतं की स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही, खाटेवर झोपता येत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात असं काहीच दिसत नाही. तरीही आईंची झोप, जेवण बिघडलं असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर बोला.

आता भावाचं. काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेले कॉफीच्या मगचे प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि कितीला विकाल विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. नुकत्याच हाती आलेल्या मगचं हे असं, तर ज्या पेटीवर नवऱ्याने जन्मभर भजनं वाजवली तिला भंगाराचा भाव कसा लावणार?

पण आईंचं वाक्य त्याहून खोल आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये लहान मुलांना एक यंत्र दाखवलं. कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करतं, असं सांगितलं. रोज कुशीत घेऊन झोपायच्या खेळण्याची नक्कल बहुतेक मुलांना नको होती, काहींनी तर खेळणं यंत्रात ठेवूच दिलं नाही. रूपाने सारखी असली तरी ती 'तीच' वस्तू नव्हे, हे माणसाला इतक्या लहानपणी कळतं. ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडलं की आपल्या वस्तू हा आपल्या 'मी'चाच वाढलेला भाग असतो. म्हणून तर चोरी झालेल्या घरातली माणसं पैशाच्या हिशेबापलीकडे खचतात. आईंच्या पाठीमागे टेंपो आणलात तर त्यांच्या लेखी तीही चोरीच. कृपा करून भावाला थांबवा.

आईंना माळ्याखाली खुर्ची द्या. एकेक वस्तू हातात देऊन, ही कुणाची, कधीची, एवढंच विचारा. घाई नको. काय जाईल ते त्यांनी सांगायचं, आणि जमलं तर कुणाकडे जाईल तेही. फोटो काढून ठेवा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत हे करून पाहिलंय: आठवणीच्या वस्तूचा फोटो काढा आणि वस्तू द्या, असं सुचवल्यावर सुमारे १५ टक्के जास्त वस्तू दान झाल्या. हा अभ्यास २०१७ चा.

कुर्डीकर

आमचं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. आम्हाला वाडे गावात जमीन मिळाली. आजीने जुन्या घराच्या दाराची चौकट सोडली नाही. नवं दार अरुंद पडत होतं, तर आजोबांनी गवंड्याकडून भिंत फोडून घेतली आणि तीच चौकट बसवली. शेजारच्या काकींचं सामान मुलांनी घाईत बांधलं, वरवंटा तिथेच राहिला. वरवंटा काय, बाजारात मिळतो. पण काकी शेवटपर्यंत तोच विचारायच्या. मे महिन्यात पाणी ओसरतं, सोमेश्वराच्या उत्सवाला आम्ही सगळे जातो, तेव्हा त्या नुसत्या जोत्यावर उभ्या राहून चुलीची जागा दाखवत. तुमच्या भावाला म्हणावं, चार दिवसांत विसरत नाहीत माणसं.

साखळीचा भजनी

पेटी भंगारात अजिबात देऊ नका. पट्ट्या अडकतात ते बहुतेक दमट हवेने लाकूड फुगल्यामुळे. कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकेल. भाता नवा बसवता येतो आणि आतले सूर चांगले असतील तर आवाज तोच राहतो. मी स्वतः पेट्या उघडतो. आणून दाखवा, पैशाचं नंतर बघू.

डिचोलीची लेक

बाई, तुमचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण टेंपोचा विषय बंद झाला. काल संध्याकाळी आई खुर्चीवर बसली. हांडा "दे रे कुणाला तरी" म्हणून तिनेच बाजूला काढला. कंदील मामेभावाला हवाय, कारण तो आमच्या आजोळचाच निघाला, हे मलाही ठाऊक नव्हतं. चौकटीचं अजून ठरत नाही, चवथीपर्यंत राहू दे म्हणते.

साखळीचे दादा, रविवारी सकाळी पेटी घेऊन आलो तर चालेल का? आईसुद्धा यायचं म्हणतेय, उघडताना तिला बघायचंय.