इंग्लंडच्या कॅनॉलात बोट चालवायची हाय, लॉक कसं असतंय?

शाहूपुरीकर: मे महिन्यात पोरीकडं बर्मिंगहॅमला चाललोय. जावयानं आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलातली लांब अरुंद बोट, घेतलीय भाड्यानं, ड्रायव्हर नाही, आपणच चालवायची, लायसन पण नको म्हणे. रंकाळ्यातल्या पायडल बोटीच्या पुढं मी कधी गेलो नाही. कॅनॉल एवढा अरुंद का केलाय आणि ते लॉक प्रकरण काय असतंय?

गंगावेस_गडी: काका, जेम्स ब्रिंडली म्हणून इंजिनिअर होता, त्यानं १७६६ ला ट्रेंट अँड मर्सी कॅनॉल काढायला घेतला, वेजवूड कपबश्यावाला त्यात पुढं, कारण खराब रस्त्यानं माल न्यायचा तर वाटेत फुटायचा. मधी हेअरकॅसलचा डोंगर लागला, अडीच किलोमीटरच्या वर बोगदा. ब्रिंडली १७७२ लाच गेला, कॅनॉल पुरा झाला १७७७ ला. बोगदा रुंद केला की खर्च वाढतोय, लॉक रुंद केलं की पाणी जास्त जातंय, म्हणून लॉक सात फुटीच. बोगद्यात बोट ओढणाऱ्या घोड्याला वाट नव्हती, घोडा डोंगरावरनं जायचा आणि माणसं बोटीवर उताणी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलायची!

कळंबा_कट्टा: आम्ही गेलतो दोन वर्षांमागं. लॉक म्हणजे दोन्हीकडं दरवाजे असलेला हौद. आपल्या बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर पाणी सुटतंय ना, तसं इथं दरवाजातली छोटी झडप हँडलनं उचलायची, पाणी समान झालं की मगच दरवाजा हलतोय, आधी चार पैलवान लावा, ढिम्म. खाली उतरताना मागच्या दरवाजापाशी पाण्याखाली दगडी कट्टा असतोय, भिंतीवर पांढरी खूण असते, बोटीचं बूड, म्हणजे मागचं टोक, तिच्या पुढंच ठेवा. मी फोटो काढत बसलो आणि बूड कट्ट्यावर टेकलं की, बोट पुढं वाकायला लागली, आतली भांडी धडाधड खाली. बायकोनं खालची झडप पाडली, वरची उघडून परत पाणी भरलं म्हणून वाचलो.

आणि सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते, पहिला दिवस त्यातच जातोय. स्पीड ताशी ४ मैल, बांधलेल्या बोटी दिसल्या की अजून कमी करा नायतर शिव्या खाशीला.

गंगावेस_गडी: बर्मिंगहॅमच्या बाजूच्या टार्डेबिगला जावयानं नेलं तर आधी पोटभर जेवा, ३० लॉक लागोपाठ हायत.

शाहूपुरीकर: तीस?? सौ म्हणत्या मी दांडा धरते, हँडल तुम्ही फिरवा. बोटीत गॅस असतोय का? कांदा-लसूण चटणी न्यायचीच हाय.

कळंबा_कट्टा: असतोय, सिलिंडर. चटणीची बरणी खालच्या फळीवर ठेवा पण.