चर्चा: कार्बन कमी करायला गॅस सोडून इंडक्शन घ्यावं का?

पंचवटीकर (धागाकर्ता):
घरातला कार्बन कमी करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: गॅस सोडा, इंडक्शन घ्या. माझा याला विरोध आहे. ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून आपल्या एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. एक किलो एलपीजी जळला की ३ किलो. पण त्या किलोत जवळपास १३ युनिटइतकी उष्णता असते आणि शेगडीवर तिच्यातली ६५ टक्के भांड्याला मिळते. तेवढंच काम इंडक्शनवर करायला सुमारे १० युनिट लागतात, म्हणजे ७ किलो. दुपटीहून जास्त!

सिडकोकर:
ते ६५ टक्के निळ्या आणि तळाच्या आत राहणाऱ्या ज्योतीचे. भांड्याचं बूड काळं होतंय, ज्योत पिवळी आहे, याचा अर्थ बर्नरला हवा पुरत नाही. बर्नर पूर्ण गार झाल्यावर काढा, सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, भोकं पिनेनं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बसवला तर ज्योत फडफडते.
आणि छतावर सोलर असेल तर तुमचं गणितच बदलतं. ३ किलोवॉटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो, सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. दुपारचा स्वयंपाक त्यावर केला तर कार्बन शून्य.

नाशिकरोड:
शून्य नाही हो. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही न वापरलेलं युनिट शेजारच्या घरात जातं आणि तिथलं कोळशाचं युनिट वाचवतं. ते इंडक्शनवर घालवलं की ती बचत गेली. सोलर जरूर बसवा, पण म्हणून गॅस सोडायची घाई नको.
कार्बनचा खरा खर्च न्हाणीघरात आहे. थंडीत टाकीचं पाणी १५ अंशांच्या आसपास, अंघोळीला ४० लागतं. विजेच्या गिझरवर २० लिटरच्या एका बादलीला ०.६ युनिट. चार माणसांचे रोज १.७ किलो कार्बन डायऑक्साइड, चार महिन्यांचे २०० किलो. १४.२ किलोचे जवळजवळ पाच सिलिंडर जाळल्याइतके! गिझर रात्रभर चालू राहिला तर टाकीतून झिरपणारी उष्णता वेगळीच. आधी सोलर वॉटर हीटर लावा.

गंगापूररोड:
हीटर चांगला, पण तीन-चार मजली इमारतीत तो फसतो तो पाइपात. गच्चीपासून खालच्या नळापर्यंत २५ मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात सात-आठ लिटर थंड झालेलं पाणी उभं असतं. रोज सकाळी ते मोरीत जातं, तरी नळाला कोमटच येतं, मग माणूस वैतागून पुन्हा गिझर लावतो. पाइपाला फोमचं आवरण हवंच, सांध्यांनासुद्धा. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार बसतात, त्या साफ कराव्याच लागतात. हे आधी सांगितलं जात नाही, म्हणून गच्च्यांवर हीटर बंद पडून असतात.

पंचवटीकर:
पाण्याचं मान्य. पण मग गॅस गिझर का नको? त्याचा कार्बन विजेच्या गिझरच्या निम्म्याहून कमी पडतो.

सिडकोकर:
बंद न्हाणीघरात मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस उठून कडी काढायच्या आत बेशुद्ध पडतो. लावायचाच तर गिझर आणि सिलिंडर दोन्ही मोकळ्या गॅलरीत ठेवा, आत फक्त पाण्याचा पाइप घ्या. गॅलरीला काचा बसवल्या असतील तर तिथेही नको.