ओल्या कचऱ्याच्या डब्यात कागद टिकत नाही, पिशवी लावायची नाही. मदत हवी आहे

रानजाई
महिनाभर काळी गार्बेज बॅग बंद केली आहे, डब्यात वर्तमानपत्र घालते. संध्याकाळपर्यंत तळ भिजून फाटतो, गाडीत ओतताना निम्मा कचरा डब्यालाच चिकटतो. वर वास आणि चिलटं. घरचे म्हणतात पिशवी परत लाव. कंपोस्टेबल पिशव्या आणू का? लवकर सांगा, उद्या सामान भरायचंय.

खतखड्डा
डबा किती लिटरचा? माणसं किती? गाडी रोज येते की दिवसाआड? मासळी असते का? कागद नुसता अंथरता की घडी घालता?

पानगळ
नुसता अंथरला तर फाटणारच. द्रोण करा. मोठ्या आकाराच्या पेपरची उघडलेली ३ पानं एकावर एक ठेवा, जादाची पट्टी आत दुमडून चौरस करा. कर्णावर दुमडून त्रिकोण, लांब बाजू आपल्याकडे. उजवं टोक डाव्या कडेच्या मध्यावर आणा, डावं उजव्या कडेवर. वर दोन सुटी टोकं उरतात, एक पुढच्या खिशात खोचा, दुसरं मागे दुमडा. तोंड उघडलं की झालं. तळाला जोड येत नाही, म्हणून लवकर गळत नाही. चकचकीत पुरवण्या घेऊ नका.

काटकसर
कोथिंबिरीसाठीही प्लॅस्टिकची पिशवी लागत नाही. न धुता निवडायची, कोरड्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. कापड ओलसर झालं की बदलायचं.

रानजाई
कोथिंबिरीचं नंतर बघू. डबा १० लिटरचा, आम्ही चौघं, गाडी दिवसाआड. चहाचा चोथा, कलिंगडाची सालं, उरलेलं वरण. मासे रविवारी.

खतखड्डा
दिवसाआड हे आधी सांगायला हवं होतं. पानगळचा द्रोण ५ लिटरच्या डब्याला ठीक, तुमच्याकडे दोन लागतील. पण खरा प्रश्न पाण्याचा आहे. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. सिंकजवळ जाळीची टोपली ठेवा, चोथा आणि सालं तिथे रात्रभर निथळू द्या. वरण गाळून फक्त गाळ टाका. डब्याच्या तळाला २ इंच कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेत मिळतो) किंवा लाकडाचा भुसा, त्यावर द्रोण. सुताराकडून भुसा घेताना प्लायचा नको, त्यात डिंक असतो. माशांचे काटे-खवले गाडीच्या दिवसापर्यंत झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये.

सरळमार्गी
एवढा खटाटोप कशाला? कंपोस्टेबल पिशवी घ्या. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला बघा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली घेऊ नका, ती बरेचदा साधं प्लॅस्टिकच असते, तुकडे होऊन मातीत राहते.

खतखड्डा
मानक बरोबर, पण त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते. घरच्या खताच्या डब्यात ते तापमान टिकत नाही, पिशवीच्या पट्ट्या तशाच राहतात. आणि कचरा वेगळा करणाऱ्यांना ती पिशवी साध्या पिशवीसारखीच दिसते. हाताने फोडायची ती फोडावीच लागते. सुटा ओला कचरा त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा.

सरळमार्गी
शहरात मोठा खतप्रकल्प असेल तर चालते, एवढंच म्हणतोय.

खतखड्डा
आधी गाडीवाल्यांना विचारा मग. तिथे ही पिशवी प्लॅस्टिक समजून उचलून फेकणार असतील तर पैसे पाण्यात.

काटकसर
दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो बारीक तुकडा भंगारात कधीच पोचत नाही. अर्धवट चीर द्या, टोक लटकत राहू दे. पिशवी धुऊन वाळवून भंगारवाल्याला.

पानगळ
सॅनिटरी पॅडही ओल्यात नको. कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. उघडणाऱ्याच्या हाताला लागणार नाही.

रानजाई
चिलटांचं कोणीच बोललं नाही. आणि कोकोपीटची वीट भिजवून घालायची ना?

खतखड्डा
भिजवलीत तर पाणी शोषणार कोण? कोरडीच फोडा, हातोडीने चुरा करा, बरणीत भरून ठेवा. दर वेळी कचऱ्यावर मूठभर पसरा, केळीची साल झाकली पाहिजे, चिलटं तिथेच अंडी घालतात. अंड्यापासून चिलट व्हायला साधारण ८–१० दिवस लागतात, म्हणजे रिकाम्या होणाऱ्या डब्यात नाही, कडेच्या खाचेत आणि झाकणाच्या बिजागरीत वाढत असणार. जुना ब्रश आणि गरम साबणपाणी, मग डबा उलटा करून उन्हात. ओला डबा परत भरू नका.

रानजाई
बिजागरीत खरंच भरलंय. कोकोपीट लिहिलं यादीत.