2 ऑगस्ट 2027चं सूर्यग्रहण: बघायचं की पाळायचं?

छायाप्रकाश
सोमवार, आषाढ अमावास्या. खग्रासचा पट्टा स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदीवरून जातो; लक्सरला सहा मिनिटांहून जास्त अंधार. भारतात दुपार कलल्यावर फक्त खंडग्रास, म्हणजे बघताना ग्रहणाचा चष्मा क्षणभरही काढायचा नाही. आयएसओ 12312-2चा (सूर्याकडे थेट बघायच्या चष्म्यांच्या मानकाचा) शिक्का बघा, पण शिक्का खोटाही असतो. चष्मा लावून घरात फिरा. खोलीतलं सामान दिसलं तर टाकून द्या. चरा पडलेला असेल तरी तेच. वेल्डिंगची काच 12 ते 14 नंबरचीच. दुकानात नेहमीची 10-11 नंबरची पुढे करतात, ती नको. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल सगळं बाद: उजेड कमी वाटतो, बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात. दृष्टिपटल दुखत नाही, त्यामुळे भाजल्याचं तेव्हा कळतही नाही.

पुष्यमित्र
चष्म्याबद्दल वाद नाही. पण ग्रहण हा नुसता डोळ्यांचा कार्यक्रम नव्हे. हे कर्केत, पुष्य नक्षत्रावर होतंय. जन्मराशी पहिली धरून मोजलं तर 3, 6, 10, 11व्या राशीतलं ग्रहण शुभ, म्हणजे वृषभ, कुंभ, तूळ, कन्या. 1, 4, 8, 12वं अनिष्ट: कर्क, मेष, धनू, सिंह. त्यांनी बघू नये, जप-दान करावं. बाकीच्यांना मिश्र फळ. वेध, म्हणजे खाणंपिणं टाळायचा काळ, चार प्रहर (बारा तास) आधीपासून.

तर्कट
22 जुलै 2009चं ग्रहण याच सारोस मालिकेतलं (ठरावीक काळाने परतणाऱ्या सारख्या ग्रहणांची मालिका), 18 वर्षं 11 दिवस आधीचं. तेव्हाही सूर्य कर्केत आणि पुष्यातच होता. म्हणजे अनिष्ट राशी याच चार. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांचं तेव्हा काय वेगळं वाईट झालं, ते दाखवा. शिवाय सायन गणिताने (राशी वसंतसंपातापासून मोजल्या तर) हा सूर्य सिंहेत आहे. मग कन्येला अकरावं शुभ धरायचं की बारावं अनिष्ट?

पुष्यमित्र
सायनाचा हिशोब निरयण (तारकांना धरून राशी मोजणाऱ्या) नियमांना लावलात तर घोटाळा होणारच. आणि राशिफळ ढोबळच असतं. कुंडलीतले अंश आणि दशा (ग्रहांचे कालखंड) बघितल्याशिवाय जाणकार बोलत नाही. बाकी, ऑगस्टमध्ये कोकणात तुम्ही बघणार काय? ढग आले तरी गणिताने स्पर्श-मोक्ष (ग्रहण लागायची-सुटायची वेळ) धरून स्नान-दान करावं, असं धर्मसिंधू हा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. पावसाळ्यात आमचंच ग्रहण जास्त खात्रीचं!

छायाप्रकाश
टोला मान्य. 2009ला ग्रहण बघायला बिहारमधल्या तारेगणाला जमलेली गर्दी ढगांखालीच उभी होती. पण पातळ ढगातून सूर्य सौम्य दिसतो आणि लोक चष्मा काढतात, खरा धोका तिथेच. परातीतल्या पाण्यात बघायची रीतही सोडा. सूर्य 30 अंशांवर असताना पाणी सुमारे 6 टक्के प्रकाश परत फेकतं. चष्म्यातून जास्तीत जास्त 0.0032 टक्के यायला हवा.
त्यापेक्षा छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, मधे 5 मिमीचं भोक ठेवा. आरसा पश्चिमेच्या खिडकीत वाळूच्या पिशवीवर टेकवा (हातात धरलात तर चित्र नाचत राहतं) आणि कवडसा 10 मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. 9 सेंटिमीटरचा कुरतडलेला सूर्य दिसेल. बघायचं भिंतीकडे, आरशात नाही. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या भिंगावर. डोळ्याच्या बाजूला लावलात तर जळून फुटतो.

तर्कट
भिंतीवरचा सूर्य मेष-सिंहवाल्यांना चालेल का? 😄

पुष्यमित्र
मी अडवणार नाही. फक्त एक: बारा तासांचे वेध गर्भवती, लहान मुलं, आजारी यांच्यावर लादू नका. पंचांगात त्यांच्यासाठी कमी तासांचे वेध वेगळे दिलेले असतात.

तर्कट
मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तेही पाळू नयेत. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर धोकादायक उतरू शकते.