अनोळखी माणसांशी बोलायची गरज उरली आहे का?

भटक्या: प्रवासात शेजारच्याशी हल्ली कोणी बोलत नाही. दोघांच्याही कानांत हेडफोन. मला हे नुकसान वाटतं. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी शिकागोत रेल्वेच्या रोजच्या प्रवाशांवर प्रयोग केला होता (२०१४). काहींना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त बरा गेला. गंमत म्हणजे दुसऱ्या काही प्रवाशांना नुसता अंदाज विचारला, तर उत्तर नेमकं उलटं आलं! म्हणजे आपण उगाचच घाबरतो.

सडेतोड: 'उगाचच'? मी हेडफोन लावते तेव्हा कित्येकदा त्यात गाणं सुरूच नसतं. 'बोलू नका' अशी पाटी आहे ती. साध्या 'कुठे उतरणार?'ला उत्तर दिलं की पुढचा प्रश्न नंबराचा असतो, हे बायकांना सांगावं लागत नाही. ऑनलाइनचं तर बोलूच नका. ओमेगल ही कुणाचीही कुणाशी गाठ घालून देणारी साइट २००९ला आली. तिथे गाठ पडलेल्या माणसाने लहानपणी शोषण केलं म्हणून एका मुलीने साइटवरच दावा लावला. २०२३च्या नोव्हेंबरात तडजोड झाली आणि त्याच महिन्यात साइटला टाळं लागलं.

बिनकामाचा: पण दार लावून बसलं की संधीही बाहेरच राहतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलंय, नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलगांकडून नाही, जुजबी ओळखीतून येते. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं.

सडेतोड: जुजबी ओळख ही ओळखच झाली ना! अनोळखी माणसाच्या बाजूने तिची साक्ष कशाला काढता?

रात्रपाळी: मी 'बी माय आइज' या अ‍ॅपवर आहे. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते, जगातला कुणीतरी स्वयंसेवक उचलतो. २०१५पासून चालू आहे. परवा एका आजोबांना औषधाच्या बाटलीवरची तारीख हवी होती. "जरा डावीकडे फिरवा... अजून थोडी... थांबा, बोट आलं मध्ये." तारीख वाचली, ते "बरं" म्हणाले आणि कॉल कट. नाव नाही, गाव नाही. शेजाऱ्याला रोज रोज विचारायचा संकोच वाटतो, तो इथे नाही. अनोळखी असण्याचाच उपयोग झाला की.

सडेतोड: हे मान्य. कारण काम ठरलेलं आहे आणि नको वाटलं की कॉल तोडता येतो. माझ्या शेजारच्या सीटला तशी सोय नाही.

भटक्या: मग काम असेल तरच बोलायचं? उद्देश ठरवूनच भेटायचं असेल तर जन्मभर आपल्याला हवी तीच माणसं भेटतील. ते तर फोनमधला अल्गोरिदम आधीच करतोय.

सडेतोड: तुम्ही खुशाल बोला, पण 'हो', 'नाही' अशी तुटक उत्तरं आली की थांबता का, ते आधी सांगा.